पुन्हा वाचू लागताना

भुसावळ स्टेशनावर पिवळी पाटी आहे. तिच्यावर गावाचे नाव मराठीत ‘भुसावळ’ आणि हिंदीत ‘भुसावल’ असे लिहिलेले असते. एका नावात ळ, दुसऱ्यात ल. रोज हजारो माणसे त्या पाटीजवळून जातात. पाटी सर्वांना दिसते, पण वाचतात किती जण? गाव ओळखीचे, म्हणून अक्षरांकडे लक्षच जात नाही. पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे, ते असे.

बंधुभगिनींनो, हा धडा नव्याने मुळाक्षरे गिरवणाऱ्यांसाठी नाही. एकदा शिकले आणि मग ज्यांचे वाचन सुटले, त्यांच्यासाठी आहे. असे लोक आपल्या गावात पुष्कळ. कोणी तिसरी-चौथीत शाळा सोडली. कोणी रात्रीच्या वर्गात बसून सही शिकले, चार धडे वाचले, आणि पुढे वर्ग बंद झाला. रेल्वेची पाळी आज दिवसाची, उद्या रात्रीची. केळीच्या बागेत पाणी भरायचे. घरी चूल, पोरे, म्हातारी माणसे. पुस्तक फळीवर गेले ते गेलेच. मग नातू पुस्तक घेऊन आला, की आजी म्हणते, “मले नाही येत रे आता. तूच वाच.”

खरेच येत नाही का? आधी डोळ्यांचे पाहू.

चाळिशी ओलांडली, की डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते. जवळचे बारीक अक्षर पुसट दिसते. हे सर्वांचेच होते, शिकलेल्यांचे आणि न शिकलेल्यांचेही. म्हणून तर वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. वर्तमानपत्र हात लांब करून धरा. लांब धरल्यावर अक्षर उमटून आले, तर तुम्ही वाचन विसरलेला नाहीत, तुम्हाला चाळिशी लागली आहे. डोळे तपासून चष्मा घ्या. लांब धरूनही धुरकट दिसत असेल, तर मोतीबिंदू असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. आपण अडाणी झालो असे समजून कितीतरी माणसे गप्प बसतात. त्यांना हवा असतो फक्त चष्मा.

आता सवयीचे. नवा वाचणारा एकेक अक्षर लावतो. ‘पा’, मग ‘ऊ’, मग ‘स’. शब्द संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरतो. ओळ संपेपर्यंत अर्थ निसटतो. मनाचे सारे बळ अक्षर ओळखण्यातच खर्च होते. मग गोडी कशी लागणार? सराव झालेल्या माणसाचे तसे नसते. त्याची नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती उड्या मारते, क्षणभर थांबते, पुन्हा उडी मारते. ‘पगार’, ‘पाऊस’, ‘पोरगी’ हे शब्द तो अक्षर न लावता चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तसे ओळखतो. मन मोकळे राहते. मोकळ्या मनाला मग गोष्ट दिसू लागते.

तेव्हा एकच पान तीन-चार वेळा वाचायला लाजू नका. मोठ्याने वाचा. श्रावणात पोथी वाचणाऱ्याला पाहिले आहे ना? कथा त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून अवघड शब्दही तो सहज म्हणून जातो. ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करावा. नवे, जड पुस्तक पुढे कधीतरी.

वाचन सुटते ही गोष्ट आपल्या एकट्याची नव्हे. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गावेच्या गावे साक्षर करायची, असा तो बेत होता. पुढे ती महाराष्ट्रभर गेली. गाव साक्षर झाले, की ग्रामगौरव समारंभ होई. 1972 साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला. काम मोठेच होते. पण समारंभानंतर पुष्कळांच्या हाती वाचायला काही राहिले नाही, आणि आलेली अक्षरे पुन्हा गेली. अक्षराला रोजचे खाद्य लागते. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी आणखी एक केले. वाचता आले म्हणजे अर्ज भरता येईल, बँकेत अडणार नाही, सातबारा कळेल, एवढेच सांगत राहिलो. ते खरे आहे. पण संध्याकाळी हातपाय धुऊन हौसेने अर्ज वाचत कोण बसतो?

हौसेने काय वाचावे, याचे उत्तर आपल्या खानदेशातच आहे.

जळगावजवळच्या आसोद्याला 1880 साली एक मुलगी जन्मली. तिला कधी लिहिता-वाचता आले नाही. लहानपणी लग्न झाले. ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतात राबताना, जात्यावर दळताना ती आपल्या बोलीत गाणी रचून म्हणे. तिचे पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी वहीत उतरवून ठेवली. 1951 साली ती वारली. सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्या बहिणाबाई चौधरी. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

जिला एक ओळ वाचता येत नव्हती, तिचे पुस्तक आज आपल्यासमोर आहे. त्यात भाषा आपल्या घरातली. पेरणी, जाते, विहीर, सुगरणीचा खोपा, सारे ओळखीचे. बहिणाबाईंना स्वतःचे पुस्तक वाचता आले नसते, आपल्याला येते. ते मोठ्याने वाचा. शाळेत शिकलेल्या परगावच्या माणसाची जीभ जिथे अडखळेल, तिथे तुमची अडखळणार नाही. कारण तो शब्द तुमच्या माईने उच्चारलेला असतो.

दुसरे पुस्तक धुळ्याच्या तुरुंगातले. 1932 साली तिथे विनोबा भावे कैदेत होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी ते बरोबरच्या कैद्यांना गीता समजावून सांगत. अशी अठरा प्रवचने झाली. समोर साने गुरुजी बसलेले. ते भराभर लिहून घेत. तीच ‘गीता प्रवचने’. हेही बोललेलेच पुस्तक. विषय खोल आहे, पण वाक्ये बोलण्यातली आहेत.

साने गुरुजी आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, खर्च नाही. एक माणूस लिहितो, सारी मुले वाचतात! आपल्या वस्तीत असे का होऊ नये? मंदिराच्या ओट्यावर किंवा चाळीच्या भिंतीवर रोज एक कागद लावा. अक्षर मोठे काढा. कोणाकडे बारसे आहे, नळ किती वाजता येणार, कोणाची शेळी चुकली, काहीही लिहा. शेजाऱ्याचे नाव कागदावर दिसले, की न वाचणाराही थांबतो.

गुरुजींची ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिच्यातल्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. थकून आलेल्या माणसाला हे फार सोयीचे. एका रात्री एकच रात्र वाचायची, खूण घालायची, दिवा मालवायचा. रात्रपाळी असेल, तर दुपारी वाचा.

पुस्तक विकतच घ्यावे असे नाही. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पुष्कळ गावांतल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. तिथे जाऊन ग्रंथपालांना सरळ म्हणा, “भाऊ, ठसठशीत अक्षराचे, गोष्टीचे पुस्तक द्या.” वाचून आवडले नाही, तर परत करा. आवडत नसलेले पुस्तक रेटून संपवलेच पाहिजे, असा नियम नाही. परीक्षा देऊन झाली आपली!

घरातले हसतील, ही भीती असते. नातवाला शेजारी घ्या. एक ओळ त्याने वाचायची, एक तुम्ही. त्याला जोडाक्षर अडेल, तुम्हाला बारीक अक्षर अडेल. दोघांचे भागेल.

आजचा अभ्यास: या धड्याचे पहिले चार परिच्छेद आज मोठ्याने वाचा. उद्या तेच पुन्हा वाचा. परवा स्टेशनाकडे गेलात, तर पाटीजवळ थांबा आणि ळ कुठे आहे ते बोट दाखवून बरोबरच्या माणसाला सांगा.