‘मिसिंग’ करणारे इंजिन : दोष आणि दुरुस्ती

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील ज्वलन चुकू लागले की इंजिन थरथरते व गाडीची ताकद घटते. यालाच कारागीर ‘मिसिंग’ म्हणतात. त्याची प्रमुख कारणे तीन : ठिणगी न पडणे, इंधन न पोहोचणे किंवा दाब अपुरा असणे.

अंदाजाने सुटे भाग बदलणे हा पैशाचा अपव्यय होय. प्रथम स्कॅनरने दोषी सिलिंडर ओळखावा. पी ०३०२ हा संकेत दुसऱ्या सिलिंडरचा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन बंद करून ती तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करावी. संकेत पुसून इंजिन चालविल्यावर पी ०३०३ उमटल्यास दोष कॉइलचाच. अन्यथा प्लग व इंजेक्टर याच रीतीने पारखावेत आणि शेवटी दाब मोजावा.

इंजिनाचा इशारा-दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नये. न जळलेले इंधन धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते.