डोंगरवेड्या माणसाचं स्मरण: गोनीदा आणि राजमाची

घरातला डोंगरवेडा माणूस गेला की वर्षश्राद्धाच्या सुमारास एक विचार हमखास पुढे येतो: त्यांच्या आवडत्या गडावर त्यांच्या नावाचं काहीतरी करू या. कुणाला पाटी बसवायची असते, कुणाला बाक, कुणाला वडाचं रोप. यामागची माया खरीच असते, पण अशा माणसाचं स्मरण गडावर काही ठेवून होत नाही. घरातल्या सगळ्यांना त्याच्या वाटेवर चालवून आणलं, तर ते होतं. यासाठी गो. नी. दांडेकरांइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. गोनीदांच्या आयुष्यात श्रद्धा, संसार आणि डोंगर हे वेगवेगळे कप्पे नव्हतेच. त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली, ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदासांवर कादंबऱ्या लिहिल्या, तळेगाव दाभाड्याला संसार थाटला आणि गडकोट पालथे घातले. लेक-जावयाच्या साथीनं ते स्वतःच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन करत. दुर्गभ्रमणाचा वारसाही त्या घरानं पुढे चालवला. आज वाचकाला लोणावळ्याजवळची राजमाची ओळखीची वाटते ती एखाद्या पाटीमुळे नाही, ‘माचीवरला बुधा’मुळे. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची ही गोनीदांची कादंबरी १९५८ साली आली.

अशा चालण्यातली पहिली अडचण तारखेची. गोनीदांचा जन्म ८ जुलैचा (१९१६), निधन १ जूनचं (१९९८). कुटुंबाला घेऊन राजमाचीला जाण्यासाठी दोन्ही दिवस गैरसोयीचे. जूनच्या तोंडावर दुपार तापलेली असते, संध्याकाळी वळवाच्या विजा कडाडतात, शिवाय काजवे पाहायला आलेल्यांची गर्दी आणि गाड्यांचे दिवे. जुलैत धो धो पाऊस, धुकं, शेवाळलेले कातळ आणि फुगलेले ओढे. ‘तिथी कशी मोडायची?’ हा श्रद्धाळू घरातला प्रश्न रास्त आहे. पण तिथी पाळायला घर आहे, देवघर आहे. त्या दिवशी नैवेद्य घरी दाखवावा आणि चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार-रविवार निवडावा. आजी-आजोबा आणि नातवंडं यांना एकत्र चालता येणं हे पंचांगाइतकंच महत्त्वाचं आहे.

वाटही त्यांच्याच बेतानं ठरवावी. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीवरच्या उधेवाडी गावापर्यंतची वाट सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरची आहे, पण फारशी चढाची नाही. कर्जतकडून कोंदिवड्याहून येणारी वाट अंतरानं कमी असली तरी चढ दमवणारा, म्हणून ती सरावाच्या मंडळींनीच घ्यावी. ज्यांना इतकं चालवत नाही त्यांना लोणावळ्याच्या बाजूनं जीपनं गावापर्यंत आणावं. रस्ता खडबडीत आहे, लहान गाडी घालू नये. भल्या पहाटे निघावं, माणशी तीन लिटर पाणी घ्यावं आणि मुक्काम उधेवाडीतल्या घरी आधी फोन करून ठरवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून भैरवनाथाच्या देवळापाशी यावं. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत ते आहे. थोरल्यांनी इथे किंवा तळ्याकाठच्या जुन्या शिवमंदिरात निवांत बसावं आणि तरुणांनी श्रीवर्धनावर जाऊन यावं. सगळ्यांनी माथा गाठलाच पाहिजे असा हट्ट नको. गोनीदांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी वाचून कुणाला तुंग खुणावत असेल, तर तो सुळक्यासारखा उभा गड चांगल्या पायांसाठी वेगळ्या दिवशी ठेवावा.

स्मरणाचा कार्यक्रम एकच असावा: वाचन. रात्री जेवणं झाल्यावर यजमानांच्या ओसरीवर ‘बुधा’तलं एखादं प्रकरण मोठ्यानं वाचावं. माइक नको, स्पीकर नको. यजमानांनाही बसवून घ्यावं, कारण ही गोष्ट त्यांच्याच माचीची आहे. तुमच्या घरच्या माणसानं काही लिहून ठेवलं नसेल, तर त्याच्या वाटा, ओळखीची घरं, फोटो आणि त्यामागच्या तारखा आठवून एका वहीत उतरवाव्यात. पुढच्या पिढीला कळणार कसं, म्हणून पाटीचा आग्रह धरणाऱ्यांना माझं उत्तर ही वही आहे. पाटी वाचणारे अनोळखी असतात. वही नातवंडांच्या हाती राहते आणि तिच्या आधारे त्यांना ती वाट पुन्हा चालता येते.

‘एक छोटीशी पाटी लावली तर बिघडलं काय?’ असंही विचारलं जातं. बिघडतं. खिळा ठोकला की सांधा हलतो, त्यात पाणी मुरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत चिरा सुटतो. तटाच्या भेगेत रुजलेला वड-पिंपळ तर मुळांनी बांधकामच उचकटतो, म्हणून रोप गडावर लावू नये. गावकरी सांगतील तिथे लावावं आणि पहिल्या उन्हाळ्यांत पाणी घालण्याची सोय करूनच निघावं. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाला इजा केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी श्रद्धेच्या बाजूनंही उत्तर हेच येतं. गोनीदा काही काळ गाडगेमहाराजांच्या सहवासात होते आणि त्या संताच्या हाती खराटा असे. देवळात दिवा लावायचा तर गावच्या रीतीनं, पुजाऱ्याला विचारून लावावा. उदबत्तीची पुडकी, कापराची प्लास्टिकची डबी, हारांचे दोरे आणि नारळाच्या शेंड्या पिशवीत भरून परत आणाव्यात. जमलं तर आधीच्या लोकांनी टाकलेला कचराही आणावा. तो उधेवाडीत सोडू नका, लोणावळ्यापर्यंत खाली न्या.