इंग्रजी पत्रातील 'वी', 'हिज' आणि 'दे'

परराज्यातील व परदेशातील गिऱ्हाइकांशी माल, भाडे, बिल यांचा व्यवहार इंग्रजीतच होतो. पत्र असो की मोबाईलवरचा संदेश, आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंचे इंग्रजी बहुधा सर्वनामापाशी अडते. स्पेलिंग चुकले तर वाचणारा समजून घेतो. सर्वनाम चुकले तर पैसे कोणी द्यायचे हेच बदलते.

प्रथम 'वी' घ्या. मराठीत 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. उर्दूत दोन्हींसाठी 'हम', इंग्रजीतही एकच 'वी'. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना म्हणूनच यातला धोका चटकन दिसत नाही. समजा, भिवंडीच्या यंत्रमागवाल्याने गिऱ्हाइकाला लिहिले, 'वी शॅल बेअर द फ्रेट.' मनात होते, आपण दोघे निम्मे-निम्मे भाडे सोसू. गिऱ्हाइकाने सगळे भाडे बिलातून कापले, तर वाक्याप्रमाणे तो खोटा ठरत नाही. अशा ठिकाणी सर्वनाम वापरूच नये. सरळ लिहावे, 'द सेलर अँड द बायर शॅल शेअर द फ्रेट इक्वली.'

'हिज'चेही तसेच. 'व्यापाऱ्याने दलालाला आपले बिल दिले' आणि 'त्याचे बिल दिले' यांतला फरक मराठीत लहान मूलही सांगेल. उर्दूत 'अपना' आणि 'उसका' वेगळे आहेत. इंग्रजीत मात्र 'द ट्रेडर गेव्ह द ब्रोकर हिज बिल.' बिल कोणाचे? दलालाचे असेल तर 'द ब्रोकर्स बिल', स्वतःचे असेल तर 'हिज ओन बिल' लिहावे. तोच शब्द पुन्हा आला तर येऊ द्या. हिशेबाचे पत्र म्हणजे मुशायरा नव्हे.

'गुड्स' हा शब्द नेहमी अनेकवचनी. 'द गुड्स हॅव अराइव्हड बट इट इज डॅमेज्ड' हे चूक, 'दे आर डॅमेज्ड' हे बरोबर. 'क्लॉथ'ला मात्र 'इट'. पण 'द बेल्स वेअर सेंट इन टू ट्रक्स बट दे वेअर डिटेन्ड' यात अडकले काय, गाठी की ट्रक? विम्याचा दावा करताना हाच प्रश्न पुढे येतो.

पार्टी म्हणजे पेढी असेल तर तिला 'ही' म्हणू नये; 'इट' किंवा 'दे', पण पत्रभर एकच. 'मायसेल्फ अँड माय ब्रदर' नको, 'माय ब्रदर अँड आय' हवे. 'बिटवीन'नंतर मात्र 'यू अँड मी'.

भागीदारीच्या पेढीने 'आय' टाळावा. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 22 प्रमाणे कागद पेढीच्या नावाने, किंवा पेढीला बांधून घेण्याचा हेतू दिसेल अशा रीतीने केलेला असावा लागतो. 'आय अॅग्री टू पे' लिहून खाली नुसती स्वतःची सही केली, तर कर्ज पेढीचे की एकट्याचे, हा वाद उभा राहतो. 'वी अॅग्री टू पे' लिहावे, खाली 'फॉर' लिहून पेढीचे नाव, मग सही आणि सहीखाली 'पार्टनर'.