दोन पुरवठादार, एकच उगम

वैद्यकीय शिक्षणात आपण औषधाची मात्रा शिकलो. ते औषध कोठून आणि किती हातांतून आपल्यापर्यंत येते, हे मात्र कोणी शिकविले नाही. तो धडा महामारीने दिला.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नानाखेडा बसस्थानकावर येणाऱ्या इंदूरच्या गाड्या थांबल्या आणि त्यांतून येणारी औषधांची पार्सलेही थांबली. "संपले की संध्याकाळच्या गाडीने मागवू" ही माझ्या लहानशा बालरुग्णालयाची खरेदीनीती होती; ती एका दिवसात कोलमडली. त्याआधीच, ३ मार्चला, केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह काही औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. चीनहून येणाऱ्या कच्च्या मालाची चिंता त्यामागे होती.

खरी कसोटी एप्रिल २०२१ मध्ये लागली. प्राणवायूसाठी माझे दोन पुरवठादार होते, म्हणून मी निर्धास्त होतो. दोघांनीही एकाच सकाळी नकार दिला. चौकशीअंती कळले, की दोघेही एकाच ठिकाणी सिलिंडर भरून घेत होते! कक्षात पाच महिन्यांचे एक बाळ न्यूमोनियाने धापा टाकीत होते. मी कागदावर हिशेब मांडला. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला दोन लिटर या दराने तो सुमारे ५८ तास पुरतो. दहा लिटर लागणाऱ्या प्रौढ रुग्णाला बारा तासही नाही. आमचे सिलिंडर अर्धे रिकामे होते, म्हणजे हाती एक दिवस आणि काही तास. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टर मित्राने आपल्या साठ्यातील सिलिंडर पाठविले. बाळ बरे होऊन घरी गेले.

जे माझे, तेच राज्याचेही झाले होते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्या प्राणवायूत अडथळा येताच दोन्ही मुख्यमंत्र्यांना परस्परांशी बोलावे लागले. दुसऱ्या लाटेत वायुसेनेने रिकामे टँकर इंदूरहून जामनगरला विमानाने नेले. भरलेले मात्र रस्त्यानेच परतले.

यातून मी चार नियम केले. पुरवठादाराचे नाव पुरेसे नाही, त्याचा माल कोठून येतो हे विचारावे. साठा रोजच्या खपाबरोबरच, वाट अडली तर माल यायला किती दिवस लागतील, हेही पाहून ठरवावा. मुदत आधी संपणारे औषध आधी वापरावे. आणि गरजेपलीकडे साठवू नये, कारण आपल्या कपाटातील अनावश्यक खोके म्हणजे दुसऱ्याच्या रुग्णाची टंचाई असते.

आपल्या मंडळातील डॉक्टरांनी आपापल्या सिलिंडरांची व अत्यावश्यक औषधांची एक सामाईक यादी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. त्या बाळाला वाचविणारा तिसरा पुरवठादार कोणी व्यापारी नव्हता, शेजारचा डॉक्टर होता.