रात्रपाळीचा शीण आणि अश्वगंधा

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळ्यांमुळे झोप उडाली असून जीव सतत धास्तावलेला असतो. अश्वगंधा किंवा शंखपुष्पी घ्यावी काय?

उत्तर : इतरांच्या प्रकृतीची अहोरात्र देखभाल करणाऱ्यांना स्वतःच्या निद्रेची फिर्याद गुदरण्यास सवड सापडू नये, ही विसंगती मान्य करूनच उत्तराकडे वळतो. अश्वगंधेच्या मुळाचे चूर्ण भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने ३ ते ६ ग्रॅम या मात्रेत सांगितले असून, तिच्या अर्कावर झालेल्या, बहुधा लहान व अल्प मुदतीच्या चाचण्यांत ताण काहीसा उतरल्याचे व झोप थोडी सुधारल्याचे दिसते. त्यापलीकडची ग्वाही जाहिरात देते, शास्त्र नव्हे. परंतु वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, हा समज तुमच्यासारख्या जाणत्या व्यक्तीने तरी बाळगू नये : अश्वगंधेने थायरॉइडचे स्राव वाढू शकतात, यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत, झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी बळावते, आणि गर्भारपणी ती वर्ज्यच. शंखपुष्पीचे सिरप फिट्सवरील फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटवू शकते. तेव्हा थायरॉइड, यकृत आणि चालू औषधे यांची तपासणी वैद्यांकडून करवून घेतल्यावाचून कोणतीही बाटली उघडू नये.

पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, दिवसा खोली अंधारी करून निजावे, आणि लागोपाठच्या रात्रपाळ्या कमी करण्याविषयी मेट्रनकडे लेखी अर्ज करावा. माझ्या मते चूर्णापेक्षा हा अर्ज अधिक गुणकारी. कामावर निघतानाच छाती धडधडत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.