मौन सोडणारी लेखणी

सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून काही लोकसमूह पश्चिमेकडे निघाले आणि पिढ्यान् पिढ्या प्रवास करीत युरोपात पसरले. तेच रोमा लोक होत. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतात. परंतु युरोपात त्यांच्या वाट्याला बहुधा संशय व अवहेलनाच आली. या समाजाची व्यथा ज्यांनी जगापुढे मांडली, त्यांत चाया स्तोइका यांचे नाव अग्रभागी आहे.

चाया यांचा जन्म १९३३ साली ऑस्ट्रियात झाला. त्यांचे कुटुंब घोड्यांचा व्यापार करी व गाडीतून गावोगाव फिरे. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला आणि या मुक्त जीवनाचा अंत झाला. नाझींनी चायाच्या वडिलांना पकडून नेले व ठार केले. १९४३ साली आई व भावंडांसह तिची रवानगी आउश्विट्झच्या छळछावणीत झाली. तेथे त्या कोवळ्या हातावर ‘झेड ६३९९’ हा क्रमांक गोंदण्यात आला. धाकटा भाऊ ओसी तेथेच मरण पावला. पुढे बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत अन्न मिळेनासे झाले, तेव्हा झाडाची पाने खाऊन मायलेकींनी प्राण राखले. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली.

युद्ध संपले, तरी तिरस्कार संपला नाही. अनेक रोमा आपली ओळख लपवूनच जगत. चायाबाई बाजारात गालिचे विकून मुलांचे पोषण करीत. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नव्हते. तरीही शुद्धलेखनाची भीड न बाळगता त्या आपल्या आठवणी लिहू लागल्या. १९८८ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘आम्ही लपून राहतो’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. पण त्या पुस्तकानेच लपून राहणे संपविले! पुढे त्यांनी चित्रकलाही जोपासली. चित्रावर सही करताना त्या शेजारी एक लहानशी डहाळी रेखाटीत. ज्या झाडाने प्राण वाचविले, त्याचे हे कृतज्ञ स्मरण होते.

१९९३ साली ऑस्ट्रियाने रोमा लोकांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी चायाबाईंना ब्रुनो क्रायस्की ग्रंथपुरस्कार मिळाला, तर २००९ साली सरकारने त्यांना ‘प्राध्यापक’ ही सन्माननीय पदवी अर्पण केली. २८ जानेवारी २०१३ रोजी त्या निवर्तल्या. पुढील वर्षी व्हिएन्ना नगरीतील एका चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी तिला केवळ एक क्रमांक मानले, त्यांची सत्ता लयास गेली. त्या बालिकेचे नाव मात्र आज चौकात झळकत आहे.

स्वाध्याय
१. चायाबाई सहीशेजारी डहाळी का रेखाटीत?
२. माणसाला नावाऐवजी क्रमांक देण्यात कोणता अन्याय आहे? तुमच्या शब्दांत सांगा.