शहराच्या वेशीवरचा बिबळ्या

७ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळूरच्या पूर्व भागातील एका शाळेच्या आवारात एक पूर्ण वाढीचा बिबळ्या शिरला. रविवार असल्याने मुले शाळेत नव्हती, हे सुदैवच. त्याला बेशुद्ध करून पकडेपर्यंत वन्यजीव-अभ्यासक संजय गुब्बी यांच्यासह काही जण जखमी झाले. पुढे बन्नेरघट्टा येथील प्राणिउद्यानात ठेवलेला तो प्राणी आठवडाभरातच निसटला.

अशा प्रसंगी लोकांची एकच मागणी असते: बिबळे पकडा आणि दूरच्या अरण्यात नेऊन सोडा. मागणी स्वाभाविक आहे. परंतु तिची किंमत महाराष्ट्रातील जुन्नर भागाने मोजलेली आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. पकडलेले बिबळे सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूर सोडण्यास आरंभ झाला आणि ही सरासरी १७ वर गेली. शिवाय प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले.

असे का व्हावे? बिबळ्या आपल्या मुलखाशी जखडलेला असतो. तेथील पायवाटा, पाणवठे, आडोसे, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा, सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परक्या रानात सोडलेला प्राणी बहुधा तेथे ठरत नाही. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबळ्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईलगतच्या वनात पोहोचला, हे त्याच्या गळ्यातील संदेशयंत्रामुळे कळून आले. इकडे रिकाम्या झालेल्या मुलखात दुसरा बिबळ्या शिरतो, तो वेगळाच.

तेव्हा प्रथम प्रश्न उरतो तो किती बिबळे आहेत, हा. दोन बिबळ्यांच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी कधीही सारखी नसते. एकाच प्राण्याची डावी व उजवी कूसही भिन्न असते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे लावावे लागतात. समजा, पहिल्या फेरीत २० बिबळे ओळखले गेले. दुसऱ्या फेरीत टिपलेल्या १० पैकी ५ ओळखीचे निघाले, तर एकूण संख्या ४० च्या आसपास असावी. प्रत्यक्ष गणित याहून बरेच किचकट असते, पण मर्म हेच. बंगळूरचे उल्लास कारंत यांनी नागरहोळेच्या वाघांसाठी ही पद्धत रुळवली. अशाच छायाचित्रांच्या आधारे बंगळूरच्या परिसरात ८० ते ८५ बिबळे असल्याचा अंदाज अलीकडे करण्यात आला आहे.

एवढे बिबळे नेऊन सोडणार कोठे? केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही स्थलांतराच्या विरुद्धच आहेत. गुरांना रात्री बंदिस्त गोठा आणि भटक्या कुत्र्यांना पोसणाऱ्या उकिरड्यांची विल्हेवाट, हे उपाय कंटाळवाणे खरे, पण बिबळ्याला वस्तीकडे ओढणारे भक्ष्य त्यांनीच कमी होते. दरम्यान, ज्या खडकाळ टेकड्यांच्या कपारींत हे प्राणी दिवसा दडून राहतात, त्या दगडखाणींसाठी व नव्या वसाहतींसाठी फोडल्या जात आहेत.